अनुमोदकाचा रकाना

सात सदरे इस्त्रीला टाकले होते, सातही परत मिळाले. गाठोड्याला त्यानं शनिवारी मारलेली गाठ तशीच होती, म्हणजे कुणी उघडूनही पाहिलं नव्हतं. दुकानातल्या कारागिरानं ते फळीखालून ओढून काउंटरवर ठेवलं आणि तो लगेच समोरच्या पँटकडे असा वळला, की जणू जरा उशीर झाला तर ती पँट उठून चालायला लागेल.

"झाले नाहीत का?"

"नाहीत."

"मग उद्या संध्याकाळी येतो."

"उद्या नको. बाईंनी सांगितलंय, तुमचे कपडे इथं होणार नाहीत."

"माझेच, की सगळ्यांचेच बंद?"

कारागिरानं इस्त्री उभी केली. "सचिवसाहेब, मी पगारी माणूस. मला जेवढं सांगितलं तेवढं बोललो. वरचं तुम्ही आणि बाई बघून घ्या."

मागे पडद्यांची चळत घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं आधी त्याच्याकडे, मग गाठोड्याकडे आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं, दोघांचा रंग जुळतोय का ते तपासावं तसं. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. या दुकानातला वाफेचा, कोमट सुताचा वास त्याला फार आवडायचा. आठवड्यातून एकदा तो वास घ्यायला मिळतो म्हणून घरात चांगली इस्त्री असून तो सदरे इथं टाकायचा. आज तोच वास त्याला दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा वाटला. गाठोडं बगलेत मारून तो रस्त्यावर आला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपण 'का' असं विचारलंच नाही. कुणीही विचारलं असतं. दुधात पाणी निघालं तर माणूस विचारतो, बस दोन मिनिटं उशिरा आली तर विचारतो. त्यानं विचारलं नव्हतं, म्हणजे त्याला माहीत होतं.

तीन दिवसांपूर्वी त्यानंच स्वतःच्या हातानं नगर परिषदेच्या फलकावर मागच्या सभेचं इतिवृत्त लावलं होतं. चार टाचण्या, चारही कोपऱ्यांना सारख्या अंतरावर. विषय क्रमांक अकरा: धुलाई शेड पाडून त्या जागी वाहनतळ करणे. ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक, दंतवैद्य. अनुमोदक, आणि तिथं तिचं नाव. तिचं म्हणजे या दुकानाच्या मालकिणीचं, जिला गावात इस्त्रीताई म्हणतात आणि सभागृहात नुसतं बाई. ती निवडून आली होती ती त्याच शेडमधल्या बायकांच्या मतांवर. बारा दगडी टाक्या, एक बॉयलर, आणि चार घरचे कपडे धुऊन संसार चालवणाऱ्या तीसेक बायका. त्यांच्यापैकीच एकीनं, चार नंबरच्या टाकीवर उभं राहून, आईमागे या पोरीला वाढवलेलं. त्या मावशी अजून तिथंच धुतात. आणि आता फलकावर सगळ्या गावानं वाचलं होतं की शेड पाडायला पाठिंबा कुणी दिला, तर हिनं.

आता खरी गोष्ट अशी, की हिनं दिला नव्हता. तसा तो कुणीच दिला नव्हता. नियम सतरा सांगतो, की प्रत्येक ठरावाला एक सूचक हवा आणि एक अनुमोदक हवा, आणि दोघांनी सभागृहात आपापल्या तोंडानं तसं सांगायला हवं. सूचकाची कधी अडचण नव्हती. ज्याला काम करून घ्यायचं असतं त्याला तोंड असतंच. घोडं अडायचं ते अनुमोदकाशी. तो नोकरीला लागला तेव्हा अध्यक्ष विचारायचे, "अनुमोदक कोण?", आणि सतराच्या सतरा सभासद छताकडे पाहायचे. मग कुणीतरी "आहे, आहे" म्हणायचं. कोण म्हणालं ते कळायचं नाही, पुढचा विषय सुरू व्हायचा, आणि तो बिचारा सभेनंतर रिकाम्या खुर्च्यांमधून हिंडत आवाज कोणत्या बाजूनं आला होता ते आठवत बसायचा. पहिल्या वर्षी त्यानं अंदाजानं नावं घातली. वर्षअखेरीला औषधवाले सभासद त्याच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "माझं नाव सालभरात फक्त तीनदा? आणि त्या रंगवाल्याचं अकरा वेळा? लोकांना वाटेल मी तिथं झोपायला येतो." ते झोपायलाच येत होते, पण तक्रार रास्त होती. तेव्हा त्यानं एक लांबट वही केली. उभे सतरा रकाने, वर नंबर. पहिल्या ठरावाला एक नंबर, दुसऱ्याला दोन, सतरा झाले की पुन्हा एक. वर्षअखेरीला सगळ्यांची बेरीज सारखी. औषधवाले खूष, रंगवाले खूष, अध्यक्षांनी तर पाठ थोपटली. त्यानंतर "अनुमोदक कोण?" हा प्रश्न सभागृहात कुणी विचारलाच नाही. आणि नावं आधीच ठरलेली, ठराव काय होणार तेही आदल्या दिवशी अध्यक्षांच्या खोलीत ठरलेलं, तर सभेचं टिपण सभेत बसून कशाला करायचं? तो ते आदल्या दिवशी दुपारी करून ठेवू लागला. सभेत नुसती बरोबरची खूण करायची. कधीकधी एखादा शब्दसुद्धा बदलावा लागायचा नाही, आणि अशा दिवशी तो घरी जाताना मनात शीळ घालायचा. सगळं गाव ज्याला लोकशाही म्हणत होतं त्याचा निकाल त्याच्या खणात एक दिवस आधी तयार असायचा, आणि त्याला त्याचं भय वाटायच्या ऐवजी अक्षर सुबक आल्याचं समाधान वाटायचं.

घरी बायकोनं गाठोडं पाहिलं, गाठ पाहिली, आणि काही न विचारता ते खुर्चीवर ठेवलं. तिनं न विचारणं आणि त्यानं न विचारणं यात फरक होता. ती भाजी निवडत म्हणाली, "बाजारात तेच चाललंय. म्हणतात, इस्त्रीताईनं मावशीच्या टाकीवर स्वतःच्या हातानं हातोडा घातला. त्या मावशी आज रस्त्याच्या त्या बाजूनं गेल्या. दुकानाकडे बघितलंसुद्धा नाही."

"तिनं गप्प बसायला नको होतं. विषय सात ते बारा एकत्र घेतले, तेव्हा हात वर करायचा."

"मग गप्प बसली असं लिहायचं होतं."

"गप्प बसल्याची नोंद नसते गं. रकानाच नाही तसा."

"दहा वर्षं तुमची कॉलर तिनं ताठ ठेवली," बायको म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिनं भाजीच्या देठाबरोबर तोडून टाकलं. त्याला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं. उत्तर देता आलं असतं. तो आरशासमोर जाऊन उभा राहिला आणि आपल्या मानेकडे पाहू लागला. लहानपणी त्यांच्या घरी असाच एक आरसा होता, वडिलांचा दाढीचा, आणि एक दिवस तो फुटलेला सापडला. पाच भावंडं. त्याच्या आईचा न्याय मोठा सोपा होता: स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या अंगाला खडूनं यादी, पाणी कुणी भरायचं, दिवा कुणी पुसायचा, आणि सगळ्यात खाली, कुणी कबूल न केलेल्या गुन्ह्याचा ओरडा आज कुणी खायचा. "वर्षाच्या शेवटी सगळ्यांना सारखाच मिळतो," ती म्हणायची, "मग रडायचं काय कारण?" अक्षर चांगलं म्हणून यादी लिहायचं काम त्याच्याकडे. आरसा फुटला त्या दिवशी त्याचा नंबर होता. आरसा त्यानं फोडला नव्हता, पण नंबर त्याचा होता, आणि आईचा पदर बाहेरच्या खोलीत खोचला जाताना त्याला दिसला. त्यानं ओल्या बोटानं स्वतःचं नाव पुसलं आणि तिथं ताईचं लिहिलं. त्या दिवशी नुसता ओरडा नव्हता. ताईचं शाळेच्या सहलीला जाणं रद्द झालं. ताई दाराशी आली, खडू अजून ओला होता, तिनं त्यावरून बोट फिरवलं, बोटाचं टोक पाहिलं, आणि म्हणाली, "अक्षर छान आहे तुझं." एवढंच. चाळीस वर्षं झाली. फोनवर ती अजून त्याला तब्येतीचं विचारते, आणि प्रत्येक वेळी फोन ठेवताना त्याला वाटतं की आता ती ते म्हणणार. ती म्हणत नाही. तिच्या बहुधा लक्षातही नसेल. लक्षात ठेवायची जबाबदारी ज्याच्याकडे वही असते त्याच्यावर येते.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला इस्त्रीताई कार्यालयात आली. तो उठून उभा राहिला. सभासद आला की उभं राहायचं, हा नियम नव्हे, सवय. तिनं बसायला नकार दिला. इस्त्री करणाऱ्या माणसाला बसायची सवय नसते, असं काहीतरी त्याच्या मनात आलं, आणि अशा वेळीही आपल्याला असलं काहीतरी सुचतं याची त्याला चीड आली. तिनं फोनमध्ये फलकाचा फोटो काढून आणला होता.

"हे माझं नाव ना?"

"हो, बाई."

"मी बोलले होते?"

"त्याचं असं आहे, की नियम सतराप्रमाणे..."

"नियम नाही विचारला. मी तोंड उघडलं होतं का, एवढंच सांगा."

खिडकीतून रस्त्यावरच्या हातगाडीचा आवाज आला. त्यानं टेबलावरची टाचण्यांची डबी सरळ केली. "नव्हतं."

"मग?"

"नंबर होता तुमचा."

"कसला नंबर?"

त्यानं सांगितलं. शक्य तितक्या कार्यालयीन शब्दांत, कारण साध्या शब्दांत ते सांगता येत नव्हतं. ती ऐकत राहिली. ऐकताना तिचा उजवा हात टेबलाच्या कडेवरून आपोआप मागेपुढे फिरत होता, घडी दाबावी तसा. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे इतक्या वर्षांत मी कशाकशाला अनुमोदन दिलं ते मला माहीतच नाही."

"बावन्न ठरावांना. तुमच्या सात वर्षांत."

"वा. मला वाटायचं, मी तिथं नुसती जाऊन बसते." ती हसली, आणि त्या हसण्यानं त्याला बरं वाटण्याआधीच थांबली. "मी गप्प बसले हे खरं आहे, साहेब. अध्यक्षांनी सहा विषय एका दमात वाचले, मला कळेपर्यंत पुढचं आलं. कळल्यावरही मी उठले नाही. उठले असते तर सगळे वळून बघतील, चुकीच्या वेळी बोलले तर हसतील, असं वाटलं. गप्प बसल्याची लाज माझी आहे, ती मी घेतली. मावशीला तेवढं मी सांगू शकले असते. शिव्या घातल्या असत्या, मग जेवायला वाढलं असतं. पण मी बोलले, मी पुढे होऊन पाठिंबा दिला, ही लाज कुणाची? ही कशाला माझ्या अंगावर घातलीत?"

"मी बघतो," तो म्हणाला.

"काय बघता? पुढच्या सभेत पहिला विषय इतिवृत्त कायम करण्याचा असतो ना? तेव्हा सांगा, चूक झाली. शेड राहू दे नाहीतर पडू दे. माझं नाव काढा."

"बघतो, बाई."

"बघतो" हा कार्यालयातला शब्द होता. अर्ज घेऊन आलेल्या माणसाला तो दारापर्यंत सोबत करतो आणि तिथं सोडून परत येतो. तिलाही तो माहीत असावा. ती गेल्यावर त्यानं खण उघडला आणि वही काढली. मागच्या सभेचं पान. विषय अकराच्या समोर तिचा नंबर. आणि मग त्याला ते आठवलं, जे त्याला आठवायचं नव्हतं. आदल्या दुपारी सगळी नावं भरून पुन्हा तपासताना त्याचा हात इथं थांबला होता. त्याला दिसलं होतं. धुलाई शेड, आणि इस्त्रीताई. एक क्षण त्याला वाटलं होतं, हे नाव खाली सरकवावं, शेवटी सतरावर घ्यावं; सतरावा विषय दिव्याच्या खांबांचा होता, निरुपद्रवी. मग त्यानं स्वतःला सांगितलं की क्रम मोडला तर पक्षपात होतो. हे कारण त्यानं बायकोलाही सांगितलं असतं, परमेश्वरालाही. पण खरं कारण ते नव्हतं. बारापासून सतरापर्यंतच्या सहा ओळी टाइप होऊन गेल्या होत्या, आणि एक नाव हलवलं की सहाही पुन्हा कराव्या लागणार होत्या. चारला चहा यायचा होता. सहा ओळी. त्यानं वही मिटली. तळहाताला घाम आला होता आणि वहीच्या पुठ्ठ्यावर त्याचा ओला ठसा उमटला. तो वाळेपर्यंत तो त्याच्याकडे पाहत बसला.

अध्यक्षांकडे तो संध्याकाळी गेला. अध्यक्षांची गावात मोटार शिकवण्याची शाळा होती, आणि ते प्रत्येकाशी असे बोलायचे, की जणू तो शेजारी चालकाच्या जागी बसलाय आणि ब्रेक मात्र यांच्या पायाखाली आहे.

"सांगा ना, चूक झाली म्हणून," ते म्हणाले. "मी कुठं अडवतोय? पण मग दंतवैद्य विचारणार, चूक कशी झाली. मग तुम्ही वही दाखवणार. तुमच्या काळात ठराव किती झाले?"

"दोन हजार तीनशे अठ्ठ्याऐंशी."

"पाठ आहे?"

"वहीत आहे."

"त्यातला एक विनाअनुमोदक निघाला तर बाकीचे सगळे कोर्टात जातील. गटारं, दिवे, दवाखाना. तुमच्या बढतीचाही ठराव झाला होता ना? अनुमोदक कोण होतं?"

"औषधवाले."

"आणि ते तेव्हा काय करत होते?"

"झोपले होते."

अध्यक्ष इतके मनापासून हसले की त्यालाही हसू आलं, आणि ते हसू त्याच्या तोंडावर राहिलं, जिना उतरेपर्यंत, फाटकापर्यंत, आणि फाटकाबाहेर आल्यावर त्याला कळलं की आपण अजून हसतोय. मोठ्या संकटाच्या आड लपलेलं छोटं सुख असतं, तसं त्याला वाटत होतं: आता खरं बोलणं म्हणजे गावाचं नुकसान. गटारं, दिवे, दवाखाना. एका बाईच्या नावासाठी एवढं सगळं पणाला लावायला तो कोण? हा विचार त्यानं सभेच्या दिवसापर्यंत चार वेळा घासूनपुसून ठेवला, आणि प्रत्येक वेळी त्याखाली त्याला सहा ओळी दिसल्या.

सभेला त्यानं सदरा स्वतः इस्त्री करून घातला. बाह्यांवर दोन-दोन घड्या पडल्या. गणपूर्ती झाली, सतरापैकी सोळा हजर, रंगवाले बाहेरगावी. प्रेक्षकांच्या बाकांवर एरवी एक निवृत्त मास्तर पंख्याखाली वर्तमानपत्र वाचायला बसायचे. आज तिथं अकरा बायका होत्या. त्यानं मोजल्या. मोजल्याशिवाय त्याला माणसं दिसायचीच नाहीत. दाराजवळच्या टोकाला मावशी. त्या कोण हे सांगावं लागलं नाही. त्यांचे हात मांडीवर होते आणि बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, कधी न वाळणारी. इस्त्रीताई आपल्या जागेवर, त्याच्या टेबलापासून दहा फुटांवर. बाकांकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

"विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे," अध्यक्ष म्हणाले. "कायम?"

"माझी हरकत आहे," इस्त्रीताई उठून म्हणाली. माईकचा लाल दिवा लागला. तिचा आवाज सभागृहाच्या चारी भिंतींवरून परत आला. "विषय अकराला अनुमोदक म्हणून माझं नाव आहे. मी अनुमोदन दिलं नाही. मी एक शब्दही बोलले नाही."

कुजबुज. दंतवैद्यांनी खुर्ची सरकवली. औषधवाले जागे झाले. अध्यक्षांनी दोन्ही हात पसरले, माझ्याकडे काहीच नाही असं दाखवावं तसे. "इतिवृत्त बरोबर आहे की नाही, एवढ्यावरच इथं बोलता येतं. नियम चोवीस. आपण सचिवांनाच विचारू. सचिव, तुमच्या कच्च्या टिपणात काय आहे?"

हा प्रश्न असाच येणार हे त्याला ठाऊक होतं. आणि त्यानं उत्तर घासूनपुसून ठेवलं होतं. त्यानं टिपणाचा कागद हातात धरला, वाचण्याची गरज नसताना वाचला. "टिपणात अनुमोदक म्हणून बाईंचं नाव आहे."

प्रत्येक शब्द खरा होता. असं खरं बोलायला एकोणीस वर्षांची नोकरी लागते.

"झालं तर मग," अध्यक्ष म्हणाले. "बाई, माणूस विसरतो, कागद विसरत नाही. कायम? कायम." बाकं वाजली. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर त्याला सोसलं असतं. तिनं पाहिलं ते, डाग निघणार नाही असं लक्षात आल्यावर कापडाकडे पाहतात तसं, आणि ती खाली बसली. मागे काहीतरी हललं. मावशी उठल्या होत्या. घाई न करता त्या बाकाच्या कडेला धरत दाराकडे निघाल्या, ऐकायचं होतं ते ऐकून झालेल्या माणसासारख्या. बाकीच्या बायका एकमेकींकडे पाहत उठू लागल्या. त्या दारातून एकदा बाहेर पडल्या की हे कायम झालं, नियम चोवीसप्रमाणे नव्हे, खरोखरचं कायम, हे त्याला कळलं. आणि तो उभा राहिला.

"अध्यक्ष महोदय. हे टिपण सभेच्या आदल्या दिवशी लिहिलेलं आहे."

सभासदांनी माना वळवल्या, भिंत बोलली असावी तशा. अध्यक्षांचा चेहरा अजून हसराच होता, फक्त डोळे बदलले. "सचिवांनी विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. तुम्हीच आम्हाला नियम शिकवलेत." दोघे-तिघे हसले. दंतवैद्य म्हणाले, "चहा आणा कुणीतरी यांना." बाकांवरून एका बाईचा आवाज आला, "काय म्हणाला गं तो?" आणि दुसरीचा, "कोण जाणे. ऐकू नाही आलं." सचिवाच्या टेबलाला माईक नव्हता. त्यानं कधी मागितलाच नव्हता. एवढं सगळं धैर्य गोळा करून त्यानं ते सांगितलं होतं ते सोळा अशा माणसांना, ज्यांना ते आधीपासून माहीत होतं. त्याला खाली बसावंसं वाटलं. आपण बोललो, आपलं काम झालं, आता ऐकू गेलं नाही तर आपण काय करणार, हे कारणही क्षणात तयार झालं, सुबक, टाइप केलेलं. गुडघे वाकलेसुद्धा.

इस्त्रीताईनं हात पुढे करून आपल्या माईकची मान पकडली आणि ती त्याच्या दिशेला वळवली. काही बोलली नाही. दहा फूट होते. तो टेबलामागून निघाला, औषधवाल्यांच्या गुडघ्यांना धक्का देत, "माफ करा" म्हणत, तिच्या खुर्चीपर्यंत आला आणि वाकला. आधी त्याचा श्वास ऐकू आला, सगळ्या सभागृहाला, मोठा, म्हाताऱ्या माणसासारखा.

"बाई त्या विषयावर बोलल्या नव्हत्या," तो म्हणाला. "नाव मी घातलं. नंबरानं."

"हे कामकाजातून वगळा!" अध्यक्ष म्हणाले. "माईक बंद करा! विषय क्रमांक दोन."

दारात मावशी थांबल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं, भाचीकडे नाही, त्याच्याकडे, आणि मोठ्यानं, शेडमध्ये वाहत्या पाण्यावरून एकमेकींना हाका मारणाऱ्या बायकांच्या आवाजात विचारलं, "नंबरानं म्हणजे?"

प्रेक्षकांना सभेत प्रश्न विचारता येत नाही. नियम अडतीस. त्यानं स्वतःच तो फलकावर लावला होता. अध्यक्ष हातोडी आपटत होते, दंतवैद्य माईकची वायर शोधत टेबलाखाली वाकले होते, आणि लाल दिवा अजून लागलेला होता. त्यानं मावशींकडे पाहिलं आणि सांगितलं. पहिल्या ठरावाला पहिलं नाव, दुसऱ्याला दुसरं, सतरा झाले की पुन्हा पहिलं. कार्यालयीन शब्द या वेळी एकही आला नाही. तो आठवत होता, पण आला नाही. त्याला वाटलं होतं हे सांगायला तास लागेल. एकोणीस वर्षं दीड वाक्यात संपली.

"म्हणजे तुम्ही कुणाला विचारतच नाही?"

"नाही."

"आणि ही तिथंच बसलेली असते?"

"हो. समोरच."

मावशींनी त्याच्यापासून भाचीच्या खुर्चीपर्यंतचं अंतर डोळ्यांनी मोजलं, आणि पुन्हा त्याच्याकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आश्चर्य होतं. एवढ्या मोठ्या माणसाला एवढं साधं सांगावं लागतंय, याचं.

"मग विचारायचं ना."

वायर निघाली आणि दिवा विझला. तो तसाच वाकलेला होता. इस्त्रीताईच्या खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात होता, आणि तो कधी ठेवला ते त्याला आठवत नव्हतं. मावशी दारातून परतल्या आणि आपल्या जागेवर येऊन बसल्या; त्यांच्या मागोमाग बाकीच्या दहा जणीही बसल्या. अध्यक्षांनी विषय क्रमांक दोन वाचला. मग अनुमोदकाची पाळी आली. सोळाही सभासद त्याच्याकडे पाहत होते, आणि पहिल्यांदाच त्याला माहीत नव्हतं की यापुढे काय लिहायचं.